गाव दिसतं कसं? 'बनगरवाडी', माणदेश आणि एक जपानी पुस्तक



मागच्या व्याख्यानानंतर दोघातिघांनी विचारलं होतं, सर, जपानवर कधी बोलणार? मला वाटलं यांना झेन हवं असेल. पण चहाच्या वेळी बोलणं निघालं तेव्हा कळलं की झेन वगैरे काही नको आहे. यांच्या घरी रात्री जेवणं झाली की मोबाइलवर जपानी खेड्यातल्या आयुष्याचे व्हिडिओ चालतात. एक बाई मुळा उपटते, ओढ्यावर धुते, आत येऊन किटली चढवते. बाहेर बर्फ पडतंय. कोणी बोलत नाही. वीस मिनिटं हेच. एक ताई म्हणाल्या, "बघितलं की झोप छान लागते."

मला याची टिंगल करायची नाही. विरारहून भरून आलेल्या लोकलमध्ये भाईंदरला रोज सकाळी शिरणाऱ्या माणसाला रात्री वीस मिनिटं बर्फ बघावंसं वाटलं तर त्यात गैर काय? पण तत्त्वज्ञानाचा मास्तर असल्यामुळे एक प्रश्न विचारल्याशिवाय राहवत नाही. हे शांत वाटणं कुठून येतं? माझं उत्तर थोडं रुक्ष आहे. ते बर्फ आपल्या अंगावर पडत नाही, आपल्या छपरावर साचत नाही, सकाळी उठून फावड्यानं आपल्याला काढावं लागत नाही, म्हणून ते शांत आहे. बघणाऱ्याचा आणि त्या जागेचा कामाचा संबंध नाही. संबंध नसला की जागेचं दृश्य होतं.

आज मी बोलणार आहे ते जपानबद्दल कमी आणि एका मराठी कादंबरीबद्दल जास्त. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी', १९५५. माझं म्हणणं असं आहे, की गेल्या काही वर्षांत आपण ही कादंबरी त्या व्हिडिओंसारखी वाचायला लागलो आहोत. छोटी वाडी, साधी माणसं, मेंढरं, माळरान, किती छान. आणि असं वाचणं हा त्या पुस्तकावर अन्याय आहे. हे दाखवण्यासाठी मी एका जपानी तत्त्वज्ञाचं पुस्तक मदतीला घेणार आहे. मग त्या तत्त्वज्ञाशीही थोडं भांडणार आहे, कारण माणदेश त्याच्या चौकटीत बसत नाही.

आधी तत्त्वज्ञ. वात्सुजी तेत्सुरो, जन्म १८८९, मृत्यू १९६०. १९२७ साली तो अभ्यासासाठी जर्मनीला गेला. त्याच वर्षी हायडेगरचा 'सत् आणि काल' हा ग्रंथ आला आणि वात्सुजीनं तो बर्लिनमध्ये वाचला. वाचून प्रभावित झाला आणि अस्वस्थही झाला. हायडेगर माणसाचं असणं काळाच्या अंगानं उलगडतो, पण माणूस कुठं असतो, कोणत्या जमिनीवर, कोणत्या हवेत, याला तिथं दुय्यम जागा आहे, असं त्याला वाटलं. त्या अस्वस्थतेतून जे पुस्तक झालं त्याचं नाव 'फूदो'. ते १९३५ साली प्रसिद्ध झालं, इंग्रजीत १९६१ साली आलं. 'फूदो' हा शब्द लिहिताना दोन चिन्हं वापरतात, एक वाऱ्याचं आणि एक मातीचं. आपल्याकडे 'हवापाणी' म्हणतात ना, 'तिथलं हवापाणी मानवलं नाही', त्याच्या जवळचा शब्द.

वात्सुजी सुरुवातच थंडीपासून करतो. तो विचारतो, थंडी म्हणजे काय? थंड हवा नावाची वस्तू बाहेर आहे, मी इथं आत आहे, मग ती येऊन मला लागते आणि मला थंडीची जाणीव होते, असं आपण समजतो. तो म्हणतो, असं घडतच नाही. थंडी जाणवली तेव्हा मी आधीच त्या थंडीत बाहेर पडलेला असतो. आणि मी एकटा नसतो, आपण सगळे त्या थंडीत असतो. म्हणून तर रस्त्यात भेटल्यावर हवेबद्दल बोलता येतं.

हे जर्मन तत्त्वज्ञानाच्या भाषेत ऐकलं की डोकं जड होतं. मराठीत ऐकलं तर होत नाही, कारण मराठी व्याकरणाला हे ठाऊक आहे. 'उकडतंय.' या वाक्यात कर्ता कोण? कोण उकडतंय? मी? हवा? शाळेत आपण शिकलो, उजाडलं, सांजावलं, गडगडतंय, मळमळतंय ही भावकर्तृक क्रियापदं. यांना वेगळा कर्ता नसतो, क्रियेचा भाव हाच कर्ता. वात्सुजीला जे सांगायला पहिलं प्रकरण लागलं ते आपली कुठलीही आजी एका शब्दात सांगते. आणि लोकलमध्ये शेजारच्या अनोळखी माणसाला तुम्ही "काय उकडतंय हो आज" म्हणालात, तर तो "तुम्हाला वाटतंय तसं" असं म्हणत नाही. "हो ना" म्हणतो. कारण तोही त्याच उकडण्यात आहे. (हशा)

तर भूप्रदेश म्हणजे समोरचं चित्र नव्हे. माणसं ज्यात एकत्र असतात, ज्याच्याशी झटतात, ज्यामुळे त्यांचे शब्द, घरं, कपडे, सण ठरतात, ते सगळं. एवढं हत्यार हातात घेऊन आता माणदेशात जाऊ.

माणदेश म्हणजे माण नदीचा प्रदेश. आटपाडी, सांगोला, माण, खटाव, जत हा टापू. सह्याद्रीच्या पावसाच्या सावलीतला. इथं भाईंदरला वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तिथं पाचशेच्या आसपास, आणि वाईट वर्षी त्याहून बराच कमी. माडगूळकरांचा जन्म १९२७चा, आटपाडी तालुक्यातल्या माडगुळ्याचा. तेव्हा आटपाडी औंध संस्थानात होती. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी, सूर्यनमस्कारांचे पुरस्कर्ते आणि स्वतः चित्रकार. जाता जाता सांगतो, याच आटपाडीजवळ स्वतंत्रपूरची कैद्यांची खुली वसाहत होती, आणि 'दो आँखें बारह हाथ' हा चित्रपट त्यावरून सुचला. तो लिहिला व्यंकटेशरावांचे थोरले भाऊ गदिमांनी. त्या कोरड्या टापूतून मराठीला किती मिळालं आहे!

'बनगरवाडी'ची गोष्ट बहुतेकांना माहीत आहे. राजाराम सौंदणीकर हा पोरसवदा मास्तर औंध संस्थानातल्या एका धनगरवाडीत शाळा चालवायला येतो, पायी. शाळा नावालाच आहे. म्हातारा कारभारी या पोराकडे आधी संशयानं बघतो, मग त्याला आपला मानतो. मास्तर हळूहळू वाडीच्या पत्रांचा, अर्जांचा, बाजाराच्या निरोपांचा माणूस होतो. तालीम बांधायची टूम काढतो, सगळे राबतात, राजा येतो. मधेच कारभाऱ्याची मुलगी अंजी हिच्यावरून गैरसमज होतो आणि म्हातारा दुरावतो. कारभारी जातो. दुष्काळ येतो. वाडी उठते.

माझ्या पिढीला ही कादंबरी अभ्यासाला असे आणि परीक्षेत हमखास प्रश्न येई, 'बनगरवाडीतील निसर्गवर्णनाचे सौंदर्य स्पष्ट करा.' मुलं माळ, चांदणं, मेंढरांची धूळ असं लिहायची आणि पास व्हायची. या प्रश्नानं फार नुकसान केलं. 'निसर्गवर्णन' म्हटलं की गोष्ट एकीकडे आणि निसर्ग दुसरीकडे, गोष्टीला लावलेल्या झालरीसारखा. मग झालर कशी आहे एवढंच बघायचं.

एक प्रसंग घेऊ. माझ्या मते सगळी कादंबरी या एका प्रसंगात आहे. शेकू नावाचा धनगर. पाऊस झालेला आहे, शेतीची घाई आहे, आणि शेकूकडे एकच बैल. दुसरा मिळत नाही. तेव्हा शेकूची बायको पुढं होते आणि बैलाच्या जोडीला जुवाला स्वतःचा खांदा देते. मास्तर हे बघतो.

हा प्रसंग कसा शिकवला जातो? 'ग्रामीण स्त्रीची सोशिकता.' किंवा 'दारिद्र्याचं विदारक चित्रण.' दोन्ही खोटं नाही. पण दोन्हींनी एक प्रश्न विचारलेला नाही. वाडीत इतरांकडे बैल होते की. मग उसना का मिळाला नाही? ही माणसं कंजूष आहेत का? कादंबरीत तर ती एकमेकांना धरून असलेली दिसतात. तालमीसाठी खपतात. मग इथं काय झालं?

इथं वाफसा झाला. हा शब्द इथल्या तरुणांना माहीत असेलच असं नाही, म्हणून सांगतो. पाऊस पडून गेल्यावर एक वेळ अशी येते की जमिनीचा चिखल नसतो आणि ती टणकही झालेली नसते. मूठभर माती दाबली तर तिचं ढेकूळ होतं, सोडून दिलं तर फुटतं. तो वाफसा. तेवढ्यात औत घालायचं, बी पेरायचं. काळ्या भारी जमिनीत ओल जरा टिकते. माणदेशातल्या हलक्या, मुरमाड रानात ऊन पडलं की निघून जाते. शिवाय पुढचा पाऊस कधी, हे कोणी सांगू शकत नाही. म्हणजे सगळ्या वाडीला एकाच वेळी, त्याच दोनचार दिवसांत, आपापला प्रत्येक बैल आपल्याच रानात हवा असतो. शेजारी दुष्ट नाही. शेजाऱ्याच्या रानातली ओलसुद्धा त्याच घटकेला उडते आहे. शेकूच्या बायकोच्या खांद्यावर जू ठेवलं ते कुणा माणसानं ठेवलं असं म्हणता येत नाही, आणि निसर्गानं ठेवलं असंही म्हणता येत नाही. ते वाफशानं ठेवलं.

'वाफसा' हा मातीचा गुण म्हणावा, तर नुसत्या मातीला वाफसा नसतो, पेरणाराच नसेल तर माती फक्त ओली किंवा कोरडी असते. तो माणसाच्या मनात आहे म्हणावं, तर मन कितीही म्हणालं तरी वाफसा येत नाही. पाऊस, माती, ऊन, औत, बैल आणि माणसाची भूक एकत्र आल्यावर जे होतं त्याचं हे नाव. वात्सुजीला 'फूदो' म्हणजे काय हे मराठीत समजावून सांगायचं असतं, तर हा एक शब्द पुरला असता. कादंबरीत हा शब्द कुठल्या पानावर आहे याच्याशी मला कर्तव्य नाही, तो प्रसंग त्या शब्दावर उभा आहे. आणि माडगूळकर समजावत बसत नाहीत. त्यांची वाक्यं आखूड असतात, हात चित्रकाराचा. त्यांनी गृहीत धरलं आहे की वाचकाला हे माहीत असणार. १९५५च्या वाचकाला बहुधा होतंही. आपल्याला नाही, म्हणून आपण 'सोशिकता' लिहून मोकळे होतो.

याच पुस्तकात वात्सुजी एक गमतीची गोष्ट सांगतो. युरोपला जाताना भूमध्य समुद्रात बोटीवर क्योतोच्या एका शेतीशास्त्राच्या प्राध्यापकांनी त्याला म्हटलं, युरोपात तण नसतं. वात्सुजी थक्क झाला. जपानी शेतकऱ्याची अर्धी हयात तण काढण्यात जाते, आणि तणच नाही म्हणजे काय? तिथून त्याला युरोपचा निसर्ग शांत, आज्ञाधारक वाटायला लागला. हे शास्त्र म्हणून किती खरं ते बाजूला ठेवा. पण एखादा देश समजून घ्यायला 'इथं तण किती?' असं विचारणं मला फार आवडतं. आपल्याकडेही बघा, सांगली-साताऱ्याकडे भांगलण म्हणतात, अन्यत्र खुरपणी, कोकणात बेणणी. ज्या कामाला प्रदेशागणिक वेगळं नाव आहे, त्या कामात किती बायकांच्या कमरा मोडल्या असतील याचा हिशेब साहित्याच्या इतिहासात कुठं नसतो.

आता कादंबरीवर माझा आक्षेप. ही सगळी वाडी आपण कोणाच्या डोळ्यांनी बघतो? कादंबरी प्रथमपुरुषी आहे, बोलणारा मास्तर आहे. मास्तर भला आहे, वाडीवर जीव लावतो. पण त्याचा पगार संस्थानाकडून येतो. मृग कोरडा गेला तरी येतो. बनगरवाडीत पावसाशी ज्याच्या पोटाचा थेट संबंध नाही असा जवळजवळ तो एकटा आहे, आणि गोष्ट तोच सांगतो. शेकूच्या बायकोनं जू घेतलं तेव्हा मास्तरला काय वाटलं ते आपल्यापर्यंत पोहोचतं. तिला काय वाटलं, संध्याकाळी तिचा खांदा कसा होता, हे त्याला कळायचा मार्ग नाही, म्हणून आपल्यालाही नाही.

हे केवळ माडगूळकरांचं नाही. जपानात यानागिता कुनिओ नावाचे गृहस्थ होते, शेतकी खात्यातले अधिकारी. ईशान्येकडे इवाते प्रांतात डोंगरांनी वेढलेलं तोनो नावाचं छोटं गाव, तिथल्या एका तरुणानं सांगितलेल्या ११९ गोष्टी त्यांनी टिपल्या आणि १९१० साली 'तोनो मोनोगातारी' म्हणून छापल्या. पहिल्या आवृत्तीच्या प्रती फक्त ३५०. आज ते जपानी लोकसाहित्याच्या अभ्यासाचं पायाभूत पुस्तक आहे. त्याच्या प्रस्तावनेत यानागिता घोड्यावरून त्या खोऱ्यात जातात, वाटेतला प्रदेश बघतात. आपला मास्तर पायी जातो. दोघंही बाहेरून येतात, दोघांनाही पगार आहे. मला वाटतं जगभर खेड्याचं साहित्य असंच सुरू झालं, चालत येणाऱ्या पगारी माणसापासून. त्यात पाप नाही. पण वाचताना ती पगाराची रेघ दिसत राहिली पाहिजे.

आणि ती रेघ दिसली की कादंबरीचा शेवट वेगळा वाचता येतो. दुष्काळ पडतो, मेंढरांना चारा नाही, पाणी नाही, एकेक घर निघून जातं, शाळा ओस पडते. बहुतेक समीक्षक याला एका जगाचा अंत म्हणतात. मीही वर्षानुवर्षं वर्गात मुलांसोबत तो शेवट वाचला आहे, आवंढा गिळूनच. पण धनगरांकडून बघा. जाणं हा त्यांच्या जगण्याचाच भाग आहे. दिवाळीनंतर घाट उतरून कोकणात जाणारे, भात कापलेल्या शेतात खतासाठी मेंढरं बसवणारे, पाऊस तोंडावर आला की परत वर चढणारे धनगर तुम्ही ऐकले असतील, पाहिलेही असतील. कुठल्या रानात काय उरलेलं असेल, कुठल्या ओढ्याला कधीपर्यंत पाणी असेल, कोणत्या गावात मेंढरं बसवून घेतील, हा त्यांचा भूगोल आहे, आणि तो चालून शिकलेला आहे. वाडी म्हणजे जिथं परत यायचं ती जागा. रिकामी शाळा म्हणजे मेलेलं गाव, हे शाळामास्तरला वाटणारच. त्याची वाडी शाळेभोवती आहे. त्यांची मेंढरांभोवती.

पण मी याचंही गोड चित्र करणार नाही. दर वर्षीची फिरती वेगळी आणि दुष्काळात निघणं वेगळं. फिरतीवर जाताना परत यायची तिथी माहीत असते. दुष्काळात ती नसते, आणि वाटेत मेंढरं पडत जातात. ज्याची मेंढरं संपली त्याला परत येऊन तरी काय करायचं? कादंबरी या दोन जाण्यांमधलं अंतर दाखवत नाही, कारण मास्तरला फक्त पाठमोरी माणसं दिसतात. मला हीच जागा सर्वांत अस्वस्थ करते. माडगूळकरांना माणदेश नखशिखांत माहीत होता. त्यांनी मास्तराची नजर ओलांडली असती तर काय झालं असतं! पुढं 'सत्तांतर'मध्ये त्यांनी ओलांडली, तिथं माणूसच नाही, वानरांच्या टोळ्या आहेत. पण ते पुढचं.

इंग्रजी भाषांतराचं नावही मला खटकतं. १९५८ साली राम देशमुखांनी भाषांतर केलं, नाव दिलं, 'द व्हिलेज हॅड नो वॉल्स'. गावाला भिंती नव्हत्या. परदेशी वाचकाला हे किती मोहक वाटलं असेल. पण अंजीवरून कारभारी मास्तरशी बोलणं टाकतो, ती भिंतच नाही का? रामोशांकडे वाडी ज्या नजरेनं बघते, ती? मराठी नाव बरं. त्यात नुसतं आडनाव आणि वाडी आहे, कौतुक नाही.

१९९५चा अमोल पालेकरांचा चित्रपट तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. पटकथा माडगूळकरांचीच, मराठीतला सर्वोत्कृष्ट म्हणून राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला, चंद्रकांत मांढरेंचा कारभारी विसरता येत नाही. फक्त एवढंच म्हणतो, कॅमेऱ्याला माळ सुंदर दिसतो. त्याला इलाज नाही. पुस्तकातला माळ सुंदर दिसायच्या आत कोणीतरी त्यावर काम करायला लागतं.

आता वात्सुजीशी भांडण. तो जगाचे तीन तुकडे करतो. मान्सूनचा प्रदेश, वाळवंट आणि कुरणं. भारत मान्सूनमध्ये. तो म्हणतो, मान्सूनमध्ये निसर्ग जीवनही देतो आणि संहारही करतो, दमट हवेपुढं माणूस लढू शकत नाही, म्हणून इथला माणूस स्वीकारणारा आणि सोसणारा होतो. वाळवंटातला लढतो, कुरणातला विचार करतो, आम्ही सोसतो. जपानही मान्सूनमध्येच, पण तिथं वादळं आहेत, बर्फ आहे, म्हणून जपान खास. जगाची वर्गवारी करणाऱ्या प्रत्येक तत्त्वज्ञाला आपलं घर अपवाद वाटतं, हे मी आयुष्यभर पाहत आलो आहे.

त्याला भारत वेद, बौद्ध ग्रंथ आणि शिल्पं यांतून दिसला. त्यामुळे मान्सून म्हणजे दमटपणा, असं समीकरण त्यानं मांडलं. पण सह्याद्री ओलांडून पूर्वेला गेलं की मान्सून या शब्दाचा अर्थ बदलतो. कोकणात मान्सून म्हणजे येणारं पाणी. माणदेशात मान्सून म्हणजे वाट बघणं. ढग दिसतात, जातात. दोन्ही ठिकाणी तेच नैर्ऋत्येचं वारं, मधे फक्त एक डोंगररांग. आणि वाट बघणारा माणूस सोसणारा नसतो. तो बियाणं राखून ठेवतो, अंदाज बांधतो, मेंढरं हलवतो, वेळ आली तर जुवाला खांदा देतो. शेकूच्या बायकोला 'सोसणारी' म्हणणारा परीक्षक आणि भारतीयांना 'सोसणारे' म्हणणारा वात्सुजी एकाच बाकावर बसले आहेत. दोघांनी हवा बघितली, हात बघितले नाहीत.

दुसरं असं की हवापाण्यानं सगळं ठरतं म्हटलं की राजा, सावकार, सरकार सुटतात. पाऊस कमी पडणं ही हवा. पाणी कुठं नेलं जातं हा निर्णय. आज टेंभू योजनेनं कृष्णेचं पाणी उपसून आटपाडीच्या भागात पोहोचलं आहे. ज्या माळावर मेंढरं होती तिथं डाळिंबाच्या बागा आहेत. आणि खानापूर-आटपाडीकडची किती माणसं गलाईच्या धंद्यात, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या कामात, देशभर शहरोशहरी गेली आहेत. 'बनगरवाडी'चा भूप्रदेश आज बघायला गेलात तर कादंबरीतला सापडणार नाही, आणि तिथल्या माणसांना त्याचं दुःख असेलच असं नाही. आपल्याला असतं. आपण वाचक आहोत.

व्हिडिओंकडे एकदा परत येतो, कारण एक गोष्ट राहिली. जपानमध्ये शिकोकू बेटावर, इया खोऱ्यात, नागोरो नावाची वस्ती आहे. माणसं शहरात गेली, म्हातारी माणसं वारत गेली. तिथं परतून आलेल्या एका बाईंनी गेलेल्या माणसांच्या जागी कापडी बाहुल्या करून बसवल्या. बसथांब्यावर, शेतात. शाळा २०१२ मध्ये बंद झाली, वर्गात आता बाहुल्या आहेत. माणसांपेक्षा बाहुल्या कितीतरी जास्त. जपानी समाजशास्त्रात अशा गावांना शब्दच आहे, 'गेन्काई शूराकू', टिकण्याच्या मर्यादेवर आलेली वस्ती, जिथं निम्म्याहून अधिक लोक पासष्टीच्या पुढचे आहेत. तर ताई, ते खेडं व्हिडिओत शांत दिसतं याचं एक कारण हेही असू शकतं, की तिथं आवाज करायला कोणी उरलेलं नाही. बनगरवाडीतून माणसं गेली ती पाणी नव्हतं म्हणून. या खोऱ्यांत पाणी भरपूर आहे, हिरवं गच्च आहे, आणि माणसं गेली. हवापाण्यानं सगळं ठरत नाही याचा यापेक्षा चांगला दाखला वात्सुजीला त्याच्याच देशात मिळाला असता.

वेळ झाली आहे, पण मागे एक हात वर आहे. विचारा.

(श्रोत्यांमधून प्रश्न : सर, माणदेश झाला, जपान झालं. आम्ही इमारतींत राहणारे. मीरा-भाईंदरला असलं काही फूदो वगैरे आहे का?)

आहे ना. २०११च्या जनगणनेत आठ लाखांवर माणसं होती इथं, आता तर विचारू नका, आणि बहुतेकांना आपण खाडी आणि समुद्र यांच्या मधे राहतो हे फक्त जुलैत पाणी तुंबलं की आठवतं. पण उत्तनला जा. जून-जुलैत मासेमारी बंद असते. इतर दिवसांत काठ्यांवर बोंबील वाळत घातलेले दिसतील. आपल्याला वास येतो, त्यांना वारा कुठून आहे ते कळतं. बोंबील डोल जाळ्यात येतो, आणि डोल भरतं ते पाण्याच्या ओढीवर. म्हणून तिथं उधाण कधी, भांग कधी, हे पोराटोरांना ठाऊक असतं. भाईंदरची मिठागरंही भरतीच्याच पाण्यावर. तिथं पाऊस म्हणजे नुकसान. एकाच पावसाची माणदेशात वाट बघतात आणि मिठागरात धास्ती घेतात.

आणि एक हिशेब सांगतो, आमच्या लहानपणी सगळ्यांना यायचा. तिथी घ्यायची, तिची पाऊणपट करायची, की या किनाऱ्यावरची पूर्ण भरतीची वेळ ढोबळमानानं मिळते. चतुर्थीला तीन. पौर्णिमेला, पंधरा धरून, सव्वाअकरा. घड्याळ नव्हतं तेव्हा चंद्राकडे बघून होडी कधी काढायची ते ठरायचं. आज कोणती तिथी आहे, कोणी सांगेल? अष्टमी? मग आठाची पाऊणपट सहा. आत्ता साडेपाच होताहेत. तुमच्यापैकी जे नायगाव-वसईकडे जाणार आहेत त्यांनी खाडीच्या पुलावरून गाडी जाताना पंजू बेटाच्या बाजूला बघा, पाणी चढत असेल. अष्टमीचा भांग आहे, तेव्हा फार वर येणार नाही.